शेव्हेलच्या पुढच्या आर्मचे बुश: वरूडच्या शेडमधल्या नोंदी

५ एप्रिल २०२५

गाडी १९७० ची शेव्हरले शेव्हेल मालिबू. ३०७ घनइंचाचं व्ही-८, म्हणजे साधारण ५ लिटर. पुढेही ड्रम ब्रेक, स्टीअरिंग डावीकडे. दूतावासांच्या वापरलेल्या गाड्या पूर्वी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जायच्या, त्या वाटेने आलेली.

तक्रारी तीन. ब्रेक मारला की डावीकडे ओढते. पांदण रस्त्याला लागली की पुढून 'टक' असा एकच आवाज येतो, दर खड्ड्याला. आणि डाव्या पुढच्या टायरची आतली कड साफ झाली आहे, बाहेरची नवी आहे.

तिन्हीचं मूळ एकच निघालं. जॅक डाव्या खालच्या आर्मला (चाक चेसिसला जोडणारा, वर-खाली हलणारा हात), बॉल जॉइंटच्या (आर्म आणि चाक यांच्यातला गोळ्याचा सांधा) जवळ लावला, चाक जमिनीपासून दोन बोटं उचललं आणि आर्म व चेसिसच्या मध्ये टॉमी (लोखंडी सळई) घालून ढकललं. आर्म चेसिसला जिथे बसतो तिथे पुढे-मागे एकेक बुश, म्हणजे रबरी सांधा, असतो. पुढच्या बुशवर आर्म ३ ते ४ मिमी सरकतो. उजवीकडे जेमतेम १ मिमी. ब्रेक लागला की जमीन चाकाला मागे ढकलते, तो धक्का खालच्या आर्मवर येतो, आर्म बुशमध्ये मागे सरकतो आणि चाकाची दिशा बदलते. टायर आतून खाण्याचंही कारण तेच. जमिनीचा रेटा बॉल जॉइंटच्या बाहेरच्या बाजूला लागतो, त्यामुळे वरचा आर्म सतत आत दाबला जातो आणि खालचा सतत बाहेर ओढला जातो. बुश दबून ढिले झाले की चाकाचं डोकं आत झुकतं.

याच गाडीचं अलाइनमेंट आधी दोनदा झालं आहे. ढिल्या बुशवर अलाइनमेंट म्हणजे ढिल्या खुंट्याला बैल बांधणं.

६ एप्रिल

काही उघडायच्या आधी मापं. पुढे जाऊन याच आकड्यांवर सगळं अवलंबून आहे, म्हणून दोनदा घेतली. टायरमध्ये नेहमीची हवा, पेट्रोल अर्धी टाकी, गाडी सपाट जागी, बोनेट धरून तीन-चार वेळा दाबून सोडलेली.

चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत: उजवीकडे ३७८ मिमी, डावीकडे ३७०.

वरच्या आर्मचा शाफ्ट चेसिसच्या ब्रॅकेटला दोन बोल्टांनी बसतो आणि मधे पत्र्याच्या शिम (पातळ चकत्या) असतात. उजवीकडे पुढे ३.० मिमी, मागे ३.० मिमी. डावीकडे पुढे ४.५, मागे १.५. हे दुसरं माप कोणीतरी ओढ मारायला केलेलं दिसतं. बुश गेला म्हणून गाडी ओढत होती आणि इलाज शिममध्ये शोधला. तरी चारही जागांच्या शिम वेगवेगळ्या तारेत ओवून चिठ्ठी बांधून ठेवायच्या. चूक असली तरी ती सुरुवातीची जागा आहे.

७ एप्रिल

मागवायचा माल: वरच्या आर्मचे बुश ४, खालच्या आर्मचे पुढचे २ आणि मागचे २, वरचे शाफ्ट नटांसह २, अँटी-रोल बारच्या (वळणावर गाडी कलू न देणारी सळई) लिंकचे संच २ आणि चेसिसवरचे त्याचे रबर २, बंप स्टॉप वर-खाली मिळून ४, बॉल जॉइंटच्या रबरी टोप्या ४, स्प्लिट पिना मूठभर.

एक सावधगिरी. या काळातल्या शेव्हरलेंच्या खालच्या आर्मला काही ठिकाणी गोल आणि काही ठिकाणी अंडाकृती बुश आहेत. नुसतं 'साल आणि मॉडेल' सांगून मागवलं तर चुकीचा संच येतो आणि परत पाठवण्याचा खर्च बुशपेक्षा जास्त होतो. आर्म गाडीवर असतानाच आरसा आणि टॉर्च घेऊन पाहिलं: इथे चारही गोल.

पॉलियुरेथेन की रबर? रबर. बरेच जण पॉली कडक म्हणून घेतात आणि डांबरी रस्त्यावर ते फरक दाखवतंही. पण दोन्हींचं काम करायची पद्धतच वेगळी. रबर बुशमध्ये बाहेरची वाटी आर्मला घट्ट, आतली नळी बोल्टने घट्ट, आणि मधलं रबर दोघांना चिकटलेलं. आर्म वर-खाली झाला की काहीच घासत नाही, फक्त रबर पिळतं. पॉलीमध्ये मात्र नळी फिरते, म्हणजे घासते, म्हणजे ग्रीस लागतं. इथल्या काळ्या मातीची धूळ त्या ग्रीसमध्ये गेली की ती पॉलिश पेपरचं काम करते, आणि पहिल्या पावसानंतर कुईकुई सुरू.

ज्यांना पॉलीच घालायचं असेल त्यांनी जुने बुश काढताना हात आवरावा. बऱ्याच पॉली संचांना जुन्याच वाट्या वापराव्या लागतात. आधी वाट्या छिन्नीने फाडून फेकल्या आणि मग संच उघडला, असं झालं की काम महिनाभर अडकतं.

२३ एप्रिल

माल आला. वाट्यांचे व्यास व्हर्नियरने मोजले, आर्मशी जुळतात.

शेडची जमीन मुरमाची आहे. स्प्रिंग काढताना आर्म कमानीत खाली येतो आणि जॅकला त्याच्यासोबत थोडं सरकावं लागतं. मुरमात चाकं रुतली की जॅक सरकत नाही, आर्म त्याच्यावरून घसरतो. म्हणून जॅकखाली ६ मिमीची लोखंडी प्लेट टाकली. घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड) चेसिसच्या लांब पट्टीखाली, पुढच्या चाकांच्या मागे. मागच्या चाकांना दगड नाही, लाकडी गुटके.

इंची पान्यांची अडचण नाही. जुन्या मॅसी फर्ग्युसनच्या कामामुळे तालुक्यात हे पाने घरोघर आहेत.

२४ एप्रिल

डावी बाजू उघडली. पहाटे साडेपाचला सुरुवात, अकराला बंद. त्यानंतर टिनाखाली पाना हातात धरवत नाही.

क्रम असा: चाक, शॉकअप (वर एक नट, खाली आर्मला दोन बोल्ट, खालूनच बाहेर येतो), अँटी-रोल बारची लिंक, टाय रॉड एंड. ब्रेकचा होस ताणात येऊ नये म्हणून ड्रम आणि बॅकप्लेट तारेने वर टांगायची तयारी आधीच करून ठेवली.

मग स्प्रिंग. हे काम घाईचं नाही. गाडी दीड टनाच्या आसपास आहे, पुढच्या एका चाकावर चारशे किलोच्या वर वजन. स्प्रिंग आर्मच्या मध्यावर बसते, टोकावर नाही, म्हणून तिच्यावरचा दाब चाकावरच्या वजनाच्या दुपटीजवळ जातो. आर्म पूर्ण खाली लोंबला तरी त्यातला बराच दाब शिल्लक असतो. स्प्रिंगमधून साखळी ओवून चेसिसला बांधली, थोडी ढील ठेवून. साखळी स्प्रिंग काढायला नसते, निसटली तर माणसापर्यंत येऊ नये म्हणून असते.

जॅक खालच्या आर्मला, बॉल जॉइंटजवळ. खालच्या बॉल जॉइंटचा नट पूर्ण न काढता दोन-तीन आटे शिल्लक ठेवले. नकलच्या (चाक धरणारा लोखंडी भाग) ज्या भोकात बॉल जॉइंटची पिन बसते त्याच्या बाजूला दोन हातोडे समोरासमोर मारले. चौथ्या ठोक्याला टेपर (पिनीची निमुळती पकड) सुटला. पिनीच्या डोक्यावर मारू नये, आटे बसतात. काटा-पाना घातला तर रबरी टोपी फाटते. इथे टोप्या बदलायच्याच होत्या, पण सवय चांगली असावी. नट काढला, जॅक अर्ध्या-अर्ध्या इंचाने सोडला. स्प्रिंग हाताने बाहेर आली.

खालच्या आर्मचे दोन बोल्ट: मागचा सुटला, पुढचा नळीला गंजून एकजीव. नट निघाला, पण बोल्ट फिरवला की नळीसकट सगळं फिरतं. डिझेल सोडून रात्रभर ठेवलं.

२५ एप्रिल

बोल्ट निघाला नाही. चेसिसचं कान (बुशला दोन्हीकडून धरणारी पत्र्याची पट्टी) आणि बुश यांच्या फटीत करवतीचं पातं घालून दोन्हीकडून कापला. गॅस लावला असता तर पाच मिनिटांत झालं असतं, पण शेजारून ब्रेकची पाइप जाते.

आर्म बाहेर आल्यावर टक आवाजाचा उलगडा झाला. पुढच्या जागी रबर बुश नाहीच. कधीतरी कोणीतरी लेथवर नायलॉनचा बुश काढून बसवला आहे, आत लोखंडी नळी.

यात तीन चुका आहेत. नळी नायलॉनपेक्षा आखूड आहे. बोल्ट आवळल्यावर दोन्ही कानांनी नळीला चिमटीत धरायला हवं. नळी आखूड म्हणून त्यांनी नायलॉन धरलं, नायलॉन दबत गेलं, आणि बोल्ट कितीही आवळा, आतली नळी मोकळीच. चेसिसचे कान मात्र आत वाकले: मापून २ मिमी. दुसरं, नायलॉन पाणी पितं आणि फुगतं, पावसाळ्यात घट्ट, उन्हाळ्यात ढिलं. तिसरं, ते फिरतं पण ग्रीसची सोय नाही. ट्रॉलीच्या कमानीच्या डोळ्याला असा बुश चालून जातो, कारण तिथे वेग कमी आणि दिशा ठरवायचं काम त्याच्याकडे नसतं. इथे चाक कुठे पाहणार हे बुश ठरवतो.

नुकसान: आर्मचं पुढचं भोक ०.६ मिमी लंबगोल. नवी वाटी हाताने आत-बाहेर होते.

२६ एप्रिल

भोकाच्या कडेला सेंटर पंचाने टिंब मारून वाटी ठोकायची, हा गावठी इलाज सुचवला गेला. करायचा नाही. टिंबांचे कोंब पहिल्या हजार किलोमीटरमध्ये दबतात. वाटी बसवून बाहेरून वेल्डिंगचे टाके मारायचे, तर आतलं रबर जळतं. उरला तो रस्ता लांबचा: भोकाला आतून वेल्डिंगचा पातळ थर द्यायचा आणि वाटीपेक्षा ०.१ मिमी कमी व्यासाचं बोअर काढायचं.

थ्री फेज या आठवड्यात रात्रीची आहे, त्यामुळे वेल्डिंग रात्री साडेअकराला. एका दमात गोल फिरायचं नाही. समोरासमोरच्या बाजूंना लहान टाके, मधे हात लागेल इतकं गार होऊ द्यायचं, नाहीतर पत्र्याचा आर्म ओढला जातो. दोन्ही भोकं एका सरळीत राहावीत म्हणून मागच्या चांगल्या भोकातून सरळ सळई घालून तिच्यावर पुढचं भोक लावलं आणि बोअरिंगही त्याच सरळीवर करून घेतलं.

वाकलेले कान: मधे जाड नट-बोल्ट उलटा ताणून हळूहळू उघडले, नव्या नळीच्या लांबीपेक्षा अर्धा मिमी जास्त. हातोडा नाही.

२८ एप्रिल

उजवी बाजू उघडली. नायलॉन नाही, बोल्ट सरळ निघाले. इथले बुश अस्सल, रबर तडकलेलं पण वाट्या घट्ट.

वरचे आर्म: शाफ्टचे नट काढून शाफ्ट बोल्टांवरून आत, इंजिनच्या बाजूला सरकवला. हे बोल्ट चेसिसमध्ये दातऱ्यांनी बसलेले असतात, ते फिरवायचे नाहीत. फिरले की दातरे जातात आणि मग नट कशावर आवळणार?

जुने बुश काढणं: रबरात ६ मिमीच्या ड्रिलने गोल भोकं पाडली, नळी उपसली, वाटीला आतून करवतीने एक चीर दिली आणि लहान छिन्नीने आत वळवली. जाळायचं नाही. धूर घरात जातो. करवत थांबवायची वेळ आवाजावरून कळते: वाटी संपून आर्म लागला की आवाज भारी होतो. तिथे थांबलं नाही तर आर्मला खाच पडते आणि तडा तिथूनच सुरू होतो.

२९ एप्रिल

बुश बसवणं. तालुक्याच्या ट्रॅक्टर वर्कशॉपात २० टनी प्रेस आहे.

बुश आदल्या रात्री कुल्फीवाल्याच्या डीप फ्रीझरमध्ये, आर्म सकाळपासून उन्हात. दोघांत साधारण ७५ अंशांचा फरक. लोखंडाच्या ४२ मिमी व्यासाला त्याने जेमतेम चार शतांश मिमी सूट मिळते. म्हणून प्रेस टळत नाही, पण पहिला सूर सरळ बसतो, आणि सगळं तिथेच ठरतं. वाकडा शिरलेला बुश दाबत राहिलं की भोक सोलतो.

दाब फक्त वाटीच्या कडेवर, जाड पाइपच्या तुकड्याने. नळीवर दाबलं तर रबर वाटीपासून सुटतं आणि नवा बुश गाडीवर चढायच्या आधीच मेलेला असतो. आर्मच्या दोन पाखांमध्ये उभा चिरलेला अर्धा पाइप अडकवला, नाहीतर पत्रा आत मिटतो. लावायला साबणाचं पाणी. ग्रीस, इंजिन ऑइल, फल्लीतेल काही नाही. तेलाने रबर फुगतं आणि साबण वाळला की निघून जातो.

वरच्या आर्मला एक बुश दाबायचा, मग शाफ्ट आत घालायचा, मग दुसरा बुश. दोन्ही बुश बसवून झाल्यावर शाफ्ट आत जात नाही. हे वाचताना हसू येतं, प्रेसवर येत नाही. शाफ्टची वाकण कुठल्या बाजूला होती याची खूण खडूने नव्हे, पंचाने केली होती. खडू घामाने पुसला जातो.

डावीकडच्या पुढच्या भोकात वाटी चांगल्या दाबाने गेली. बोअर जमलं.

१ मे

जोडणी. वरचे आर्म आधी, शिम जिथल्या तिथे. शाफ्टच्या टोकांचे नट आणि खालच्या आर्मचे चारही बोल्ट फक्त हाताने लावलेले.

स्प्रिंगची बैठक: खालच्या आर्मच्या खळग्यात दोन भोकं आहेत. स्प्रिंगच्या तारेचं टोक एका भोकाला पूर्ण किंवा अर्धं झाकतं आणि दुसरं पूर्ण किंवा अर्धं उघडं राहतं, अशी ती फिरवून बसवायची. दोन्ही झाकली किंवा दोन्ही उघडी असली तर जागा चुकली, आणि त्या बाजूची उंची चुकते. वरच्या टोकाला रबराची गादी टेपने चिकटवली, नाहीतर दाबताना ती सरकते.

साखळी परत बांधून जॅकने आर्म चढवला. इंजिन गाडीत असल्यामुळे वजन पुरतं. इंजिन काढलेल्या गाडीत याच वेळी घोडीवरून चेसिसच उचलली जाते.

बॉल जॉइंट: वरचा ५० फूट-पौंड, खालचा मॅन्युअलप्रमाणे. स्प्लिट पिनेचं भोक जुळलं नाही तर नट पुढे न्यायचा, मागे कधीच नाही. टॉर्क रेंच न्यूटन-मीटरचा असेल तर फूट-पौंडाला १.३५६ ने गुणायचं.

२ मे

गाडी जमिनीवर. डावीकडे ३९१ मिमी, उजवीकडे ३७९. डावी बाजू १२ मिमी वर.

स्प्रिंग पाहिली, भोकं बरोबर. मग वरच्या शाफ्टचे नट पाहिले: डावीकडचे दोन्ही पूर्ण आवळलेले. कालच, चाक लोंबत असताना. हात पोचतोय तर आवळून टाकू, या सवयीने झालेलं.

रबर बुश लोंबत्या स्थितीत आवळला की तीच त्याची 'विश्रांती' ठरते. गाडी जमिनीवर आली की रबर कायम पिळलेलं राहतं आणि गाडीला वर ढकलत राहतं. उंची वाढते, आणि आधीच अर्ध्या पिळात असलेलं रबर मोठ्या खड्ड्यात आणखी पिळून फाटतं. नवे बुश वर्षभरात गेले म्हणून मालाला शिव्या बसतात, त्यातले कितीतरी असेच मेलेले असतात.

सगळे नट सोडले. चाकांखाली युरियाची रिकामी पोती दुहेरी, मधे ग्रीस. टायर जमिनीला धरून राहिला तर आर्म बाहेर सरकू शकत नाही आणि गाडी खरी बसत नाही. पुढून दाबून हलवली, दोनदा मागे-पुढे ढकलली, परत पोत्यांवर. डावीकडे ३७९, उजवीकडे ३७९. याच स्थितीत खड्ड्यात उतरून खालच्या बोल्टांना ८५ फूट-पौंड, शाफ्टचे नट मॅन्युअलप्रमाणे.

खड्डा नसेल तर चाक काढून जॅक बॉल जॉइंटखाली लावावा आणि हब ते मडगार्ड हे माप बसलेल्या गाडीइतकं होईपर्यंत उचलावं. मग आवळावं. ६ तारखेची मापं याचसाठी घेतली होती. एवढंच की बुश गेलेल्या बाजूचं माप धरायचं नाही.

३ मे

शहरात नेण्यापुरतं अलाइनमेंट ओळंबा आणि सुतळीवर.

रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेचं ओळंब्यापासूनचं अंतर मोजलं. कडांमध्ये ३८० मिमी, म्हणजे १ अंशाला ६.६ मिमी. डावं चाक सरळ उभं, उजवं वर ३ मिमी आत. कास्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे कल) काढायला चाक २० अंश बाहेर आणि २० अंश आत वळवून कॅम्बरचा (चाकाचा आत-बाहेर कल) फरक घेतला आणि दीडपट केला. उजवीकडे जवळपास शून्य.

जुन्या तक्त्यातले आकडे त्या काळच्या बायस-प्लाय टायरसाठी आहेत, त्यात कास्टर शून्याच्या आसपासच मागितला आहे. आता टायर रेडियल. त्यांना धन कास्टर, म्हणजे अक्षाचं वरचं टोक मागे, हवा, नाहीतर हायवेला स्टीअरिंग सतत सावरावं लागतं. या गाडीत शाफ्ट ब्रॅकेटच्या आत बसतो, म्हणून मागच्या बोल्टला शिम वाढवली की कास्टर वाढतो, दोन्हीकडे सारखी वाढवली की चाकाचं डोकं आत येतं. उजवीकडे मागे ३ मिमी वाढवली, पुढून १.५ काढली: कास्टर साधारण दीड अंशावर. त्याच्या पुढे जायचं तर बोल्टाचे आटे नटात अपुरे पडतात. डावी बाजू ओढीसाठी उलटी लावलेली होती, ती पुढे १.५ आणि मागे ६.० करून उजवीच्या जवळ आणली. टो (पुढच्या दोन चाकांची तोंडं किती आत वळलेली) सुतळीवर एकूण ३ मिमी आत.

४ मे

पांदणीवर ८ किमी, मोर्शी रस्त्याला ३० किमी. टक नाही. हात सोडून ब्रेक मारला, सरळ थांबते. अँटी-रोल बारच्या डाव्या लिंकचा नट ढिला निघाला, आवळला.

१७ मे

३१० किमी. अमरावतीला मशीनवर अलाइनमेंट झालं. शिम दोन जागी अर्ध्या मिमीने बदलल्या, नव्या जाड्या तारेवरच्या चिठ्ठ्यांवर लिहिल्या. सगळे नट गाडी चाकांवर असताना तपासले, खालचा डावा पुढचा पाव फेरा गेला, बाकी जागचे हलले नाहीत. उंची डावीकडे ३७७, उजवीकडे ३७८. वेल्ड केलेल्या भोकाभोवती रंगाला तडा नाही. पावसाळा संपल्यावर हेच भोक परत पाहायचं.